सात वीसची रिंग

मोबाईल म्हणजे हिंडताफिरता फोन, असं पाहुण्यांनी भाषणात सांगितलं होतं. कुशाबाईच्या वाट्याला आलेला फोन मात्र हिंडायला तयार नव्हता. जळोचीतल्या तिच्या एका खोलीला एकच खिडकी होती. त्या खिडकीच्या फळीवर, तेही उजव्या कोपऱ्यात, अँटेना गजाबाहेर काढून ठेवला तरच तो बोलायचा. वीतभर सरकवला की मुका. त्यामुळं फोन हिंडण्याऐवजी कुशाबाईचंच हिंडणं बंद झालं. रोज सकाळी साडेसहा ते साडेआठ ती खिडकीशी स्टूल टाकून बसायची आणि त्या काळ्या, विटेच्या तुकड्याएवढ्या यंत्रावर नजर ठेवायची. चुलीवरच्या दुधावर ठेवतात तशी.

अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. बारामतीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याला पुण्याच्या कुणा दानशूर गृहस्थांनी तो फोन भेट दिला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकल्यावर त्याचा समारंभ झाला. फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हार घातला, आणि हार एवढा जाडजूड की खाली फोन आहे हे सांगावं लागत होतं. मग पाहुण्यांनी तिथल्या तिथं पुण्याला फोन लावून दाखवायचं ठरवलं. हॉलमध्ये रेंज नव्हती. पाहुणे फोन कानाला लावून व्हरांड्यात आले, व्हरांड्यातून आवारात, आवारातून रस्त्यावर. मागून फोटोग्राफर, त्याच्या मागून हार सांभाळत शिपाई. पुणं काही लागलं नाही. फोटो मात्र चांगला आला.

चार दिवसांत सगळे तो फोन विसरले. विसरल्या नाहीत त्या डॉक्टर अंजली. टीबीचे रोगी त्यांच्याकडं होते. टीबीचं दुखणं मोठं फसवं. गोळ्या सहा महिने घ्यायच्या, पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मूठभर मांस येतं, आणि माणूस म्हणतो, झालो की बरा. अर्ध्यात गोळ्या सोडल्या की तेच दुखणं परत येतं आणि या खेपेला साध्या गोळ्यांना जुमानत नाही. महिन्यातून एकदा गोळ्या न्यायला येणारा रोगी बाकीचे दिवस घरी काय करतो, हे डॉक्टरला कळायचं कसं?

त्या काळी मोबाईल उचलला की उचलणाऱ्यालाही पैसे पडत. म्हणून डॉक्टरांनी युक्ती काढली ती फोन न उचलण्याची. रोग्यानं सकाळी गोळी घ्यायची, गावातल्या नाहीतर फाट्यावरच्या पीसीओवर जायचं, नंबर फिरवायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगा म्हणजे गोळी घेतली. काही त्रास होत असेल तर ठेवायचा नाही, वाजू द्यायचा, मग इकडून उचलतील. फोनच्या पट्टीवर समोरचा नंबर कधी दिसे, कधी नुसत्या रेघा उमटत, म्हणून प्रत्येकाला वेळ नेमून दिली. सहा चाळीसला शेळगावचा समाधान, सात वीसला डाळजची ताईबाई, असे अकरा जण. वेळ हेच ज्याचं त्याचं नाव.

आता सकाळी उठून त्या फोनपाशी बसणार कोण? ‘कुशामावशीला द्या की,’ कारकून म्हणाला. ‘नुकत्याच रिटायर झाल्यात. एकटा जीव, मागं ना पुढं. सकाळी सकाळी त्यांना काय काम?’ कुशाबाई तेव्हा कसल्याशा कागदावर सही करायला दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

कुशाबाईला पंधराव्या वर्षी इंदापूरकडं दिली होती. सात वर्षं मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीला वर्षात मुलगा झाला. बारशाच्या दिवशी कुशाबाईनं घुगऱ्या वाटल्या, भांडी घासून पालथी घातली आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी घेऊन बारामतीच्या एसटीत बसली. कुणी अडवलं नाही. पुढं एकतीस वर्षं ती दवाखान्यात आया होती. हजारो पोरं तिच्या हातून पहिली अंघोळ करून आईच्या कुशीत गेली, आणि संध्याकाळी ती एकटी जळोचीला आली. जिभेची तिखट, हाताची मऊ. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ मिळाला, सगळ्या सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या, ‘मावशी, येत जावा.’ ‘तुमीबी या की,’ ती म्हणाली. कुणी आलं नाही. ती दोनदा गेली, दोन्ही वेळा सगळ्या कामात होत्या. तिसऱ्यांदा ती गेली नाही. भाजीवालीपाशी पाव किलो वांगी निवडायला तिला अर्धा तास लागायला लागला तो तेव्हापासून.

तर असा हा फोन तिच्या खिडकीत आला. इंजेक्शनच्या अकरा रिकाम्या बाटल्या तिनं फळीवर ओळीनं पालथ्या मांडल्या. रिंग आली की त्या वेळेची बाटली सुलटी करायची आणि डॉक्टरांनी दिलेल्या वहीत टिंब द्यायचं. अकराही उभ्या राहिल्या की मग चहा आणि भाकरी. फोन उचलायचा नव्हता, पण त्याच्याशी बोलू नये असं काही कुणी सांगितलं नव्हतं. ‘उशीर केलास रं समाधान,’ ती म्हणायची. ‘बायकू उठवत न्हाय व्हय?’ फोन तोवर गप्प झालेला असायचा. तरी खोलीत बोलल्याचा आवाज व्हायचा, तेवढंही बरं वाटायचं.

ताईबाई पहिल्यांदा दवाखान्यात आली ती सप्टेंबरात. चाळिशी उलटलेली, काठीसारखी वाळलेली, खोकताना पदर तोंडाशी दोन्ही हातांनी धरायची. नवरा कचरू भिगवणला मासळीच्या आडतीवर कामाला, पहाटे चारलाच घर सोडायचा. एकुलता एक बुद्धघोष शिकून पुण्याला कंपनीत लागलेला. ताईबाई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. तिनं ‘जय भीम, मावशी’ म्हणून कुशाबाईसमोर बसकण मारली आणि नव्या रोग्यांना रिंगेचं सांगायला मुद्दाम बोलावलेल्या कुशाबाईनं तिला सगळं समजावून सांगितलं.

‘सात वीस. घड्याळ हाय का घरात?’

‘घड्याळ न्हाय. पर सोलापूरकडची एक गाडी त्या टायमाला फाट्यावर थांबती. त्याच्यावर कळतंय.’

‘दोनच रिंगा. आन् चुकवायची न्हाय बरं का. तुझी रिंग येईस्तवर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय. मी तितं उपाशी बसलेली आसन, येवढं ध्यानात ठेव.’

हे ती अकराही जणांना म्हणाली होती. लेकरांना धाक घालतात ना, तुम्ही जेवला नाहीत तर मी पण नाही जेवणार, त्यातलं ते. बाकीचे हसले होते. ताईबाई हसली नाही.

‘घरात कोन कोन हाय मावशी तुमच्या?’ तिनं विचारलं.

‘तुला काय करायचंय? आधी गोळ्यांचं बग,’ कुशाबाई खेकसली. ताईबाईनं तिच्याकडं नीट बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही.

तिची रिंग मात्र अशी पक्की की कुशाबाईनं भिंतीवरचं घड्याळ दोनदा त्या रिंगेवर लावून घेतलं. सात वीसला ट्रिंग, ट्रिंग आणि गप्प. ‘घेतलीस का बाय? शाणी माझी,’ कुशाबाई म्हणायची आणि बाटली सुलटी करायची. बाकीच्या दहांत कुणी ना कुणी चुकायचा, मग दवाखान्याचा माणूस गावात जायचा. ताईबाई एकदाही चुकली नाही. दर महिन्याला गोळ्या न्यायला आली की ती कुशाबाईसाठी पदराच्या गाठीत भाजक्या शेंगा आणायची. अंगानंही भरत चालली होती. कुशाबाई इतरांना तिचं उदाहरण द्यायची, आणि तसं देताना मनातून थोडी फुलायची. आपलंच कुणी परीक्षेत पहिलं आल्यासारखी.

फेब्रुवारीत डॉक्टर अंजलींनी तिला बोलावून घेतलं. समोर एक चिठ्ठी होती.

‘मावशी, ताईबाईंच्या थुंकीत परत जंतू निघालेत. पाचवा महिना आहे. निघायला नको होते.’

‘आसं कसं हुईल? एक दिस चुकलेला न्हाय तिचा.’ कुशाबाईनं पिशवीतून वही काढून पुढं केली. टिंबांची ओळ कुठंही तुटली नव्हती.

‘वही मी बघितली,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आता दोनच शक्यता आहेत. एक म्हणजे औषध रोज पोटात जातंय आणि तरी लागू पडत नाही. तसं असेल मावशी, तर माझ्या हातात फार थोडं उरलं. दुसरं म्हणजे तिनं गोळ्या घेतल्याच नाहीत. तसं निघालं तर अजून तिला वाचवता येईल.’

‘ती खोटं वागायची न्हाय.’

‘खोटं वागली असू दे, असंच म्हणा,’ डॉक्टर हळूच म्हणाल्या.

त्या रात्री कुशाबाईला झोप कसली लागतेय. दुसऱ्या दिवशी सात वीसला रिंग आली, नेहमीसारख्या दोन. तिनं बाटली सुलटी केली नाही. अकराही जणांच्या वेळा टळल्यावर खोलीला कुलूप लावलं, भिगवणची एसटी धरली, तिथून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसली आणि डाळजच्या फाट्यावर उतरून विचारत विचारत दीड मैल आत चालत गेली. ऊन चढलं होतं. वाटेत दोन ठिकाणी दम खायला थांबावं लागलं.

ताईबाई दारात बसून मिरच्यांचे देठ काढत होती. मावशीला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम उतरला. त्या उतरण्यावरनंच कुशाबाईला कळायचं ते कळलं.

‘गोळ्यांचा डबा दाव,’ ती उभ्यानंच म्हणाली.

‘पानी तर घ्या मावशी.’

‘डबा दाव आधी.’

ताईबाईनं फडताळातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकण निघेना, दोघींनी मिळून ओढलं. आत गोळ्यांची पाकिटं, एकावर एक, कोरी करकरीत. तीन महिन्यांची.

‘कवापासनं?’

‘दिवाळी झाली तवापासनं.’ ताईबाई खाली बघून बोलत होती. ‘कांदा काढायला जात व्हते. गोळी घेतली की पोटात ढवळायचं. भर रानात उलटी झाली. मुकादम म्हनला, तुला झ्याक वाटंल तवा ये, उद्या येऊ नगंस. म्हनलं चार दिस गोळी ऱ्हाऊ दे. मग खोकला बी न्हवता. बरंच वाटत व्हतं की वो. ह्ये पहाटंच जात्यात, त्यांस्नी काय ठावं न्हाय.’

‘आन् रिंग?’ कुशाबाईचा आवाज चढला. ‘रोज दीड मैल चालत फाट्यावर यायला तुला येळ व्हता, आन् येवढीशी गोळी गिळायला न्हवता? कशापायी यीत व्हतीस मर मर करत? मला फसवायला?’

ताईबाईनं तेव्हा कुठं मान वर केली.

‘तुमी उपाशी बसला आसाल म्हनून,’ ती म्हणाली.

कुशाबाईनं झाकण परत डब्यावर ठेवलं.

‘तुमीच म्हनला व्हता न्हवं, रिंग येईस्तवर घास उतरत न्हाय म्हनून. तुमी एकट्याच हायसा, ते मला तवाच कळालं. माझा बुद्धघोष पुन्याला गेल्यापासनं मलाबी एकटीला ताटावर बसलं की उतरत न्हाय. गोळीचं माझं मी बगंन म्हनलं, पर त्या बाईला कशाला उपाशी ठेवायचं?’

कुशाबाई उभी होती ती उंबऱ्यावर बसली. इतक्या वर्षांत, जेवलीस का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि ही बाई तीन महिने थंडीतनं रोज तेवढ्यासाठी तीन मैल तुडवत होती, आणि स्वतःचं मरण डब्यात साठवत होती. कुशाबाईला रडूही आलं आणि जन्मात झाला नसेल असा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची तिला तिथल्या तिथं भीती वाटली. चूक ताईबाईची नव्हतीच. गोळीच्या गळ्यात आपला घास कुशाबाईनंच बांधला होता. अकरा जणांत एकीनं तो खरा मानला, आणि तीच मरायला लागली होती. ही कीव जोवर ताईबाईच्या मनात आहे, तोवर तिच्या रिंगेवर भरवसा ठेवता यायचा नाही. गोळी घेतली काय, न घेतली काय, ती रिंग देतच राहणार.

कुशाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. डोळे पुसले नाहीत. ते पुसले असते तर पुढचं निभलं नसतं.

‘एकटी?’ ती म्हणाली. ‘कोन एकटी? मी? आगं, माझं घर म्हंजी नुसता बाजार हाय बाजार! ल्योक हाय माझा, अविराज. सून हाय. नात हाय सा वरसाची, राजनंदिनी. सकाळच्या पारी त्या पोरीची येणी घालू, का फोनकडं बगू, का सुनंचा डबा करू, आसं हुतं मला. आन् तू मला एकटी म्हनतीस?’

अविराज आणि राजनंदिनी ही नोकरीच्या शेवटच्या महिन्यात तिनं न्हाऊ घातलेली दोन बाळं. जवळची दुसरी नावं तिला सुचली नाहीत.

ताईबाई बघत राहिली. ‘मग ते घासाचं?’

‘बोलायची पद्धत आसती बाई ती! सा वाजता दोन भाकरी हाणून बसती मी खिडकीत. तुझ्या रिंगंवर माझं काय एक आडत न्हाय.’

हे शेवटचं वाक्य म्हणताना तिला जेवढं जड गेलं, तेवढं ती पत्र्याची पेटी उचलतानाही गेलं नव्हतं. ताईबाईला आधी ओशाळल्यागत झालं, मग ती हसली. ‘मी तर येडीच मग,’ ती म्हणाली. ‘हकनाक चालत व्हते.’

‘व्हय, येडीच. आता नीट आयक. गोळी पोटात गेली तर रिंग द्यायची. न्हाय गेली तर न्हाय द्यायची. खोटी रिंग दिलीस तर मी काय उपाशी ऱ्हानार न्हाय, तू मरशील. तुझ्या बुद्धघोषला कळवू का आसं? न्हाय न्हवं? मग चल उद्या दवाखान्यात.’

औषध नव्यानं सुरू झालं. आता सहा नव्हे, आठ महिने, आणि पहिले दोन महिने जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सुईसुद्धा. गोळ्या जास्त, त्रास जास्त. डॉक्टर अंजलींनी सांगितलं, या खेपेला मोडलं तर मात्र अवघड आहे. रिंग तीच, वेळ तीच.

अकराव्या दिवशी सात वीसला फोन वाजला नाही. कुशाबाई साडेसातपर्यंत बघत राहिली, आठपर्यंत बघत राहिली. पालथी बाटली पालथीच. मग तिला एकदम उमगलं, की ही पहिलीच खरी खबर आहे. तिनं साडेआठला कुलूप लावलं आणि एसटी गाठली. ताईबाई घरात भिंतीला टेकून बसली होती. ‘दोनदा गोळी उलटून पडली,’ ती म्हणाली, ‘म्हनून दिली न्हाय रिंग.’ कुशाबाईनं तिला शिव्या दिल्या नाहीत. चुलीवर भाकरी टाकली, दुधात कुस्करून अर्धी तिला भरवली, घटकाभर बसू दिलं आणि मग गोळ्या हातावर ठेवल्या. पोटात राहिल्या.

‘आज राजनंदिनीची येणी कुनी घातली मग?’ ताईबाईनं विचारलं.

‘तिची आय हाय की. पर तिला येत न्हाय माझ्यासारखी घट्ट. पोरगी रडत गेली आसंल शाळंत.’

अशी ती आठ महिन्यांत चार वेळा डाळजला गेली. जाताना एसटीत बसून ती घरची हकीगत जुळवायची, कारण ताईबाई एकेक गोष्ट लक्षात ठेवून विचारायची. राजनंदिनीचा पुढचा दात पडला. अविराजची शिफ्ट बदलली. सून जरा फटकळ आहे, पण मनानं बरी. सांगता सांगता कुशाबाईला गोडी लागली. परतीच्या एसटीत तिला कधी कधी घाई व्हायची, घरी पोर वाट बघत असेल म्हणून. जळोचीच्या स्टॉपवर उतरेपर्यंत ती घाई टिकायची. मग कुलूप काढायचं, दिवा लावायचा. सहाला भाकरी हाणायचं सोडाच, सात वीसची बाटली सुलटी होईपर्यंत पाण्याचा घोटही तिच्या घशाखाली उतरायचा नाही. ते तसंच राहिलं होतं. फक्त आता ते कुणाला ठाऊक नव्हतं.

नव्याण्णवची दिवाळी तोंडावर आली आणि ताईबाईची शेवटची चिठ्ठी आली. थुंकीत काही नाही. छाती साफ. डॉक्टर अंजलींनी कुशाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ताईबाई नवं लुगडं नेसून आली होती, दंडावर मांस आलं होतं, आणि हसताना पदर तोंडाशी धरायची गरज तिला उरली नव्हती. तिनं डॉक्टरांना नमस्कार केला, कुशाबाईला मिठी मारली आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत लहान मापाच्या लाल काचेच्या बांगड्या होत्या. सहा.

‘राजनंदिनीला. आता तुमच्या संगं घरीच येते मावशी, माझ्या हातानं भरते तिला. बगू तर द्या तुमचा बाजार.’

डॉक्टर अंजलींनी वर बघितलं. त्यांना कुशाबाईची खोली माहीत होती, फोन ठेवायला त्या स्वतः येऊन गेल्या होत्या. हातातलं पेन तेवढं त्यांनी खाली ठेवलं.

‘समदी गावाला गेल्यात गं,’ कुशाबाई म्हणाली. ‘दिवाळीला. पोरगी मामाकडं.’

‘मग तुमीच घाला आल्यावर. सांगा, डाळजच्या आजीनं दिल्यात म्हनून.’

कुशाबाई तिला स्टँडवर सोडायला गेली. भिगवणच्या गाडीला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या आणि कुशाबाईच्या मनात तेच तेच यायला लागलं. आता गोळी संपली. आता खोट्याचं काम संपलं. आता सांगितलं तर कुणाचं काय बिघडतंय? मला ना लेक, ना नात. एक खिडकी आहे. अधनंमधनं एखादी रिंग देत जा, नुसत्या दोन, उचलायचीसुद्धा नाही.

‘ताईबाई,’ ती म्हणाली.

‘काय वो मावशी?’ आणि तिला पुढं बोलू न देता ताईबाईच म्हणाली, ‘खरं सांगू का? मला लय घोर व्हता, रिंग बंद झाली म्हंजी तुमाला कसं हुईल म्हनून. पर मागनं म्हनलं, घर भरल्यालं हाय त्यांचं. आता मला कसला घोर न्हाय बगा. ग्वाड झोप लागंल मला आज.’

कुशाबाईनं तिच्याकडं बघितलं. खरं सांगितलं असतं तर ही बाई उद्यापासून परत फाट्यावर येऊन उभी राहिली असती, थंडीत, पावसात, जीव आहे तोवर. याबद्दल कुशाबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच तर सांगावंसं वाटत होतं. आणि म्हणूनच तिनं सांगितलं नाही.

‘काय न्हाय,’ ती म्हणाली. ‘खिडकीकडंची जागा धर. आन् जेवत जा येळंवर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणं स्टुलावर बसली. सहा चाळीसची जागा समाधान बरा झाल्यावर एका नव्या म्हातारबाबांना दिली होती, त्यांची रिंग आली. सात दहाची आली. तिनं त्या दोन्ही बाटल्या सुलट्या केल्या. तिसऱ्या बाटलीवर काल आल्या आल्या तिनं लाल बांगड्या चढवून ठेवल्या होत्या. शेजारी ताटलीत भाकरी आणि शेंगांची चटणी. आज ती आधीच करून घेतली होती.

सात वीस झाले. फोन गप्प होता. बाहेरून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. सात बावीस झाले, सात पंचवीस झाले.

‘बरी हाय म्हंजी,’ कुशाबाई फोनला म्हणाली आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला. उतरायला वेळ लागला, पण उतरला.